मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पीएलजीएचे नॅनोकण: बॅच कुठे बिघडते आणि क्रमाने कशी करायची

एप्रिल लागला की एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. कधी लातूरहून, कधी नांदेडहून, कधी बीडहून. कॉलेज वेगळं, औषध वेगळं, काम मात्र एकच: पीएलजीए या शरीरात विघटित होणाऱ्या पॉलिमरचे, औषध भरलेले नॅनोकण बनवणं. तक्रारही तीच. "सर, पेपरमध्ये लिहिलंय तसंच केलं. कण दोनशे नॅनोमीटरच्या आत यायला पाहिजे होते, आठशेचे येतायत. आणि तळाला चिकट गोळा बसतोय."

मी पहिला प्रश्न विचारतो: लॅबचं तापमान किती होतं? बहुतेकांनी ते लिहिलेलंच नसतं.

पेपरमध्ये 'रूम टेंपरेचर' असं लिहिलेलं असतं, ते २० ते २५ अंशांचं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पारा सहज ३८ ते ४० असतो. कोरड्या ५०:५० पीएलजीएचं काचसंक्रमण तापमान साधारण ४५ ते ५० अंश असतं. त्या तापमानाला हा कडक पॉलिमर मऊ पडायला लागतो. पाणी शोषल्यावर हा आकडा आणखी खाली, ३० ते ३५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे आपल्या लॅबमध्ये मे महिन्यात ओले कण टेबलावर ठेवले की ते मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. आणि पॉलिमर ज्यात विरघळवतो त्या डायक्लोरोमिथेनचा, म्हणजे डीसीएमचा, उत्कलनबिंदू आहे ३९.६ अंश. ही दोन तापमानं लक्षात ठेवली तर पुढचे अर्धे टप्पे आपोआप समजतात.

हा लेख पाण्यात न विरघळणाऱ्या कर्करोगाच्या औषधासाठी आहे. उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचं घेतलं आहे, पद्धत एकेरी इमल्शन आणि द्रावक उडवून देण्याची, म्हणजे पॉलिमर-औषधाच्या द्रावणाचे बारीक थेंब पाण्यात करायचे आणि द्रावक उडाला की त्यांचेच कण उरतात.

इशारा: इथे बनणारे कण प्रयोगशाळेतल्या अभ्यासापुरतेच आहेत. ते निर्जंतुक नसतात, त्यांची माणसासाठीची सुरक्षितता तपासलेली नसते. घरात किंवा ओळखीत पेशंट असला की मनात काय येतं ते मला माहीत आहे, पण हे कण कुणाच्याही शरीरात जाता कामा नयेत.

## टप्पा १: औषध कुठल्या पद्धतीचं आहे ते आधी ठरवा

सगळ्यात महागडी चूक इथेच होते, आणि ती चार महिन्यांनी कळते. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांना पाणी आवडत नाही, त्यांना एकेरी इमल्शन चालतं. ५-फ्लुरोयुरॅसिल, जेमसिटॅबिन हायड्रोक्लोराइड, डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड पाण्याकडे ओढ घेतात. त्यांना एकेरी इमल्शनमध्ये घातलं की औषध बाहेरच्या पाण्यात निघून जातं, कणात जवळपास काहीच राहत नाही. त्यांच्यासाठी पाणी-तेल-पाणी असं दुहेरी इमल्शन लागतं. डॉक्सोरुबिसिनला आणखी एक वाट आहे: ट्रायएथिलअमाइन घालून त्याचा क्षार मोडायचा, मग ते सेंद्रिय द्रावकात जातं.

प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब बारीक करणारं यंत्र) नसेल तर हट्टाने इमल्शन करत बसू नका. औषध ॲसिटोनमध्ये विरघळत असेल तर नॅनोप्रेसिपिटेशन करा: पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये घ्यायचं, आणि ढवळणाऱ्या पाण्यात, ज्यात थोडा स्थिरकारक (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) आहे, थेंबथेंब सोडायचं. ॲसिटोन पाण्यात मिसळताच कण तयार होतात. साधनं कमी असलेल्या कॉलेजांनी हीच पद्धत आधी धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा २: पॉलिमर मागवणं, उतरवून घेणं, उघडणं

नुसतं 'पीएलजीए' म्हणून मागवलं की दुकानदार जे असेल ते पाठवतो. तीन गोष्टी लिहून द्या: लॅक्टिक-ग्लायकोलिक प्रमाण, रेणुभार आणि टोकाचा गट (आम्ल की एस्टर). ५०:५० प्रमाणाचा पॉलिमर शरीरासारख्या परिस्थितीत साधारण एक ते दोन महिन्यांत विघटित होतो. ७५:२५ ला चार-पाच महिने लागतात, कारण लॅक्टिकचा वाटा वाढला की पाणी आत शिरायला वेळ लागतो. आम्ल टोक असलेला पॉलिमर एस्टर टोकवाल्यापेक्षा लवकर तुटतो. कर्करोगाच्या औषधासाठी विद्यार्थी सहसा ५०:५०, आम्ल टोकाचा घेतात, आणि तो ठीक आहे.

पार्सल थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकसह मागवा. शुक्रवारी पाठवू नका म्हणून सांगा, कारण शनिवार-रविवार ते गोदामात पडून राहतं. डबा आला की लगेच उघडून पॅक अजून गार आहेत का ते बघा आणि वहीत लिहा. पावडर दगडासारखी एकजीव झाली असेल तर ती वाटेत तापली आहे. अशी बाटली परत करा.

आता उघडण्याचं. एका मुलीला मी ऑगस्टमध्ये बाटली फ्रीजमधून काढून थेट झाकण फिरवताना पाहिलं. दोन मिनिटांत काचेच्या आतल्या बाजूला बारीक दव धरलं आणि पावडर भिंतीला लागून राहिली. ते पाणी पॉलिमरच्या एस्टर बंधांना तोडत राहतं. सहा महिन्यांनी तीच बाटली वापरली तर कण वेगळे येतात आणि कारण सापडत नाही.

क्रम असा ठेवा:

१. बंद बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पाऊण तास तरी.
२. मग झाकण उघडा आणि लागेल तेवढंच नाही, तर सगळा पॉलिमर ५०-५० मिलिग्रॅमच्या छोट्या व्हायलमध्ये वाटून घ्या.
३. प्रत्येक व्हायल पॅराफिल्मने बंद करून, सिलिका जेलच्या पाकिटांसह परत थंडीत.

पुढे प्रत्येक बॅचला एकच व्हायल बाहेर येते, मूळ बाटली पुन्हा उघडावी लागत नाही.

## टप्पा ३: पाणी आणि पीव्हीए

आपल्या बहुतेक कॉलेजांना बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. डिस्टिलेशनचं भांडं पांढरं पडलेलं असेल, रेझिन वर्षानुवर्षं बदललेलं नसेल, तर 'डिस्टिल्ड वॉटर' या नावाखाली कॅल्शियम-मॅग्नेशियम येतं. या आयनांमुळे कणांवरचा ऋण भार झाकला जातो आणि कण गोळा होतात. बॅच करण्याआधी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून आकडा लिहा. मीटर नसेल तर बाहेरून एचपीएलसी दर्जाचं पाणी विकत आणा. एका बॅचला जेमतेम शंभर-दीडशे मिलि लागतं.

डिस्टिलेशनच्या वाफा गार करणाऱ्या कंडेन्सरसाठी नळ उघडा सोडू नका. बादलीत बर्फ आणि छोटा पंप लावून तेच पाणी फिरवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातूरमध्ये हे समजावून सांगावं लागू नये.

पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, हा आपला स्थिरकारक. घ्या ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड. पूर्ण, ९९ टक्के हायड्रोलाइज्ड घेतलं तर ते विरघळायला फार त्रास देतं आणि इमल्शनही तितकं धरत नाही.

१. बीकरमध्ये गार पाणी, त्यात ढवळत ढवळत पीव्हीए हळूहळू भुरभुरा. एक टक्क्यासाठी १०० मिलिला १ ग्रॅम.
२. सगळे दाणे सुटे झाल्यावरच ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवा, वर वाचग्लास झाका. द्रावण स्वच्छ होईपर्यंत, साधारण तासभर.
३. थंड करा. तापवताना उडालेलं पाणी भरून १०० मिलि परत पूर्ण करा. हे भरणं बहुतेक जण विसरतात, आणि मग त्यांचं एक टक्का दीड टक्का असतं.
४. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, फ्रीजमध्ये ठेवा.

गरम पाण्यात पीव्हीए टाकलं तर बाहेरून फुगून आत कोरडं राहतं, साबुदाण्यासारखे गोळे होतात. ते गोळे नंतर कितीही ढवळा, जात नाहीत.

तपासणी: बाटली उजेडात तिरकी करा. बारीक धागे किंवा ढगाळ कण तरंगताना दिसले तर बुरशी आहे किंवा पीव्हीए नीट विरघळलेलं नाही. टाकून द्या. आठवड्यापेक्षा जुनं वापरू नका.

## टप्पा ४: औषध घालण्याआधी तीन रिकाम्या बॅच

पॅक्लिटॅक्सेल महाग आहे आणि पेशींना मारणारं आहे. हात बसेपर्यंत औषध न घालता तीन बॅच करा, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही आकार एकमेकांच्या आसपास आले तरच पुढे जा. नाही आले तर औषधाला दोष देण्याची सोय उरत नाही, आणि त्यासाठीच या बॅच आहेत.

बरेच जण सरावाला कर्क्युमिन घेतात. वसमतची हळद शेजारी असल्यावर ते सुचणं साहजिक आहे. रंग दिसतो, स्वस्त आहे, तर सरावाला जरूर घ्या. पण दोन गोष्टी. बाजारातलं कर्क्युमिन तीन कर्क्युमिनॉइडांचं मिश्रण असतं. आणि ३७ अंशांना ७.२ पीएचच्या बफरमध्ये त्यातलं ९० टक्के अर्ध्या तासात तुटतं. कण बनवायला शिका त्याच्यावर, पण त्याचा रिलीज अभ्यास (औषध कणातून किती वेगाने बाहेर येतं त्याचा) जसाच्या तसा लिहू नका, तिथे तुम्ही रिलीज नाही, नाश मोजत असता.

## टप्पा ५: इमल्शन

माप: पीएलजीए ५० मिलिग्रॅम, पॅक्लिटॅक्सेल ५ मिलिग्रॅम, डीसीएम २ मिलि, १ टक्का पीव्हीए १० मिलि.

इशारा: नायट्राइल ग्लोव्हजमधून डीसीएम एक-दोन मिनिटांत आरपार जातो. दोन जोड्या घाला, शिंतोडा उडाला की लगेच वरची जोडी बदला. हे काम फक्त फ्यूम हूडमध्ये. एसी लावून दार बंद केलेल्या खोलीत तर अजिबात नको, एसी तीच हवा फिरवत राहतो. वासावर विसंबू नका: डीसीएमचा वास जाणवतो तेव्हा कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा ओलांडून झालेली असते.

पाच मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल उघड्या तराजूवर तोलू नका, भुकटी हवेत उडते. पूर्ण व्हायलमध्येच मोजून डीसीएम घाला, विरघळवा, आणि त्या द्रावणातून हवं तेवढं आकारमान घ्या. मायक्रोपिपेटमधून डीसीएम टपकतो, उन्हाळ्यात जास्तच. टिप तीनदा भरून रिकामी करा, मग चौथ्यांदा माप घ्या. काचेची सिरिंज असेल तर तीच उत्तम. पॉलिस्टायरीनच्या नळ्या डीसीएममध्ये विरघळतात, सगळं काचेत करा.

१. पीव्हीए १० मिलि, फ्रीजमधून काढलेलं, उंच आणि अरुंद बीकरमध्ये.
२. बीकर बर्फात. बर्फात थोडं पाणी असू द्या. नुसत्या खड्यांचा काचेला नीट स्पर्श होत नाही आणि गारवा पोचत नाही.
३. पॉलिमर-औषध द्रावण पीव्हीएमध्ये घाला. उलटं नाही. वीस-तीस सेकंद जोरात ढवळून कच्चं इमल्शन करा.
४. लगेच प्रोब बुडवा. टोक द्रावणाच्या मधोमध, तळापासून साधारण एक सेंटिमीटर वर. काचेला लागू देऊ नका.
५. १० सेकंद चालू, १० सेकंद बंद. एकूण चालू वेळ एक ते दोन मिनिटं.
६. मध्येच थर्मामीटर लावा. १५ अंशांच्या वर गेलं तर थांबा, बर्फ बदला.

टोक वर आलं की फेस येतो, आणि फेसात ऊर्जा वाया जाते. कण मोठे येतात. 'वेळ वाढवला तरी आकार कमी होत नाही' ही तक्रार दहातल्या सहा वेळा फेसाची असते. उरलेल्या वेळी प्रोबचं टोक झिजलेलं असतं. टोक बोटाने चाचपा. त्यावर खड्डे लागत असतील तर टायटॅनियमची राखाडी भुकटी तुमच्या बॅचमध्ये पडत आहे.

तपासणी: बीकर खिडकीच्या उजेडासमोर धरा. चांगलं इमल्शन दुधाळ दिसतं, पण कडेला निळसर झाक मारतं, आणि आरपार पाहिलं तर कडा किंचित तांबूस दिसतात. खडूच्या पाण्यासारखं ठार पांढरं दिसत असेल तर कण मोठे आहेत. पुढचे टप्पे करून तो आकार सुधारणार नाही.

## टप्पा ६: डीसीएम उडवणं

मराठवाड्यात बॅच बिघडते ती इथे. पेपरमध्ये लिहिलेलं असतं, 'रात्रभर ढवळत ठेवा'. दुपारी ४० अंशांच्या लॅबमध्ये तसं ठेवलं की डीसीएम हळूहळू उडत नाही, उकळतो. बुडबुडे थेंबांच्या आतून फुटतात, कण सच्छिद्र होतात, औषध भिंतीतून बाहेर पडून पाण्यात सुया बनवतं.

१. रुंद तोंडाचा बीकर घ्या, म्हणजे पृष्ठभाग जास्त मिळतो. झाकू नका.
२. बीकर गार पाण्याच्या टबात, टबाचं तापमान २० ते २५ अंश. थर्मामीटर टबातच ठेवा, दर अर्ध्या तासाला बर्फाचे दोन खडे.
३. ३०० ते ५०० आरपीएम. भोवरा तळापर्यंत जाऊ देऊ नका, फेस होतो.
४. तीन ते चार तास.

मी स्वतः उन्हाळ्यात सोनिकेशन सकाळी सात वाजता करतो, म्हणजे उडवणं अकराच्या आत आटोपतं. लॅबची किल्ली आदल्या दिवशी मागून ठेवा. एवढ्या एका बदलाने माझ्या मुलांच्या बॅच सुधारल्या आहेत.

डीसीएमची शिल्लक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६०० पीपीएमच्या आत हवी. ती गॅस क्रोमॅटोग्राफीनेच कळते. इथाइल ॲसिटेटला ही मर्यादा ५,००० पीपीएम आहे आणि त्याचा उत्कलनबिंदू ७७ अंश. तुमचा पॉलिमर आणि औषध त्यात विरघळत असेल तर आपल्या हवामानाला तोच जास्त मानवतो.

## टप्पा ७: धुणं

वहीत '१२,००० आरपीएम' लिहिणं पुरेसं नाही. महत्त्वाचं गुरुत्वबल, आणि ते रोटरच्या त्रिज्येवर ठरतं: १.११८ गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. ६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर १२,००० आरपीएम म्हणजे सुमारे ९,७०० जी. १० सेंमीवर तेच १६,१०० जी. दुसऱ्या कॉलेजच्या सेंट्रीफ्यूजवर 'तोच' वेग लावून पेलेट (तळाला बसलेला कणांचा थर) बसत नाही, त्याचं कारण हेच.

आधी एक हलका फेरा: ५०० जी, पाच मिनिटं. तळाला मोठे गोळे आणि न अडकलेल्या औषधाचे स्फटिक बसतात. वरचं दूध काढून घ्या, ते पुढे न्यायचं. या तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. सुया दिसल्या तर ते मोकळं पॅक्लिटॅक्सेल आहे.

ही पायरी गाळू नका, असं मी हात जोडून सांगतो. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे मोकळं औषध सुपरनेटंटमध्ये (वरच्या पाण्यात) राहत नाही, कणांबरोबर खाली बसतं. हलका फेरा न देता पेलेट विरघळवून एचपीएलसीला (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला) लावला की ९५ टक्के एन्कॅप्सुलेशन, म्हणजे घातलेल्यापैकी कणात अडकलेलं औषध, दिसतं, सगळे खूश होतात, आणि रिलीजमध्ये काही नीट जुळत नाही. सुपरनेटंट मोजून 'उरलेलं सगळं कणात' असं धरणारी अप्रत्यक्ष पद्धत अशा औषधाला याच कारणाने फसवते.

मग मुख्य फेरे: १२,००० ते १५,००० जी, २० ते ३० मिनिटं, ४ अंशांवर, तीन वेळा. शीतकरण नसलेलं सेंट्रीफ्यूज अर्ध्या तासात आतून तापतं, आणि दाबाखाली ओले मऊ कण एकजीव होतात. सुरुवातीच्या फोनमधला 'चिकट गोळा' तो हाच. तशी सोय नसेल तर जवळच्या विद्यापीठात वेळ मागा.

पेलेट सुटं करायला थोडं गार पाणी, आधी पिपेटने, मग बाथ सोनिकेटर बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट. प्रत्येक सुपरनेटंट लेबल लावून ठेवा, रिझल्ट लागेपर्यंत टाकू नका.

## टप्पा ८: वाळवण्याआधी आकार मोजा

वाळवल्यावर मोजून खराब आकडा आला तर चूक इमल्शनमध्ये की वाळवण्यात, हे कळत नाही. म्हणून इथे एकदा, वाळवल्यावर परत एकदा.

गाळलेल्या पाण्यात इतकं पातळ करा की द्रावण जेमतेम धुरकट दिसेल. सेल २५ अंशांना येऊ द्या, तीन मोजण्या घ्या. सरासरी आकार आणि पीडीआय (आकारांमध्ये किती फरक आहे तो आकडा) दोन्ही लिहा. पीडीआय ०.२ च्या आत असेल तर बॅच एकसारखी आहे. ०.४ च्या वर गेला तर सरासरी आकाराला फारसा अर्थ उरत नाही. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप, मिलिव्होल्टमध्ये) उघड्या पीएलजीएचं उणे २० च्या पलीकडे असतं. तुमचं उणे पाचच्या आसपास आलं तर घाबरू नका, पृष्ठभागावर पीव्हीए चिकटून राहिलेलं आहे, तिसऱ्या धुण्यानंतरही थोडं राहतंच.

## टप्पा ९: गोठवून वाळवणं

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी स्वतःची सहा व्हायल इथे गेली. रात्री दोनला लाइट गेली, जनरेटर लायोफिलायझरला जोडलेला नव्हता. सकाळी व्हायलच्या तळाला पिवळट पापुद्रा होता, डिंकासारखा. बर्फ वितळला, कण पाण्यात ३५ अंशांवर पडून राहिले, आणि मग पुन्हा लाइट येऊन ते तसेच वाळले. तीन आठवड्यांचं काम. तेव्हापासून मशीन कुठल्या लाइनवर आहे ते आधी बघतो.

१. धुतलेल्या कणांच्या एकूण आकारमानाचा एक छोटा, मोजलेला भाग बाजूला काढा. हा साखरेशिवाय वाळवायचा, वजनासाठी.
२. उरलेल्यात ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज, ५ टक्के.
३. व्हायलमध्ये थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको.
४. उणे ८० अंशांत गोठवा. घरगुती फ्रीझरच्या उणे २० ला सुक्रोजचं द्रावण पूर्ण घट्ट होत नाही, त्याला साधारण उणे ३२ च्या खाली जावं लागतं. वरून बर्फ दिसतो, आत पाक असतो, आणि व्हॅक्यूम लागताच तो फसफसून वर येतो.
५. २४ ते ४८ तास. सुरू करण्याआधी जनरेटरची व्यवस्था विचारा, आणि रात्री कोण फोन उचलेल तेही ठरवा.

तपासणी: चांगला केक पांढरा, हलका, व्हायलच्या आकाराचा असतो. पाणी घालून हाताने हलवलं की अर्ध्या मिनिटात दूध व्हायला हवं. आकार परत मोजा. वाळवल्यानंतरचा भागिले आधीचा, हा आकडा १.३ च्या आत असावा.

## टप्पा १०: हिशोब

प्रबंधात सर्वात जास्त चुका इथे सापडतात, म्हणून आकड्यांनीच दाखवतो.

घातलं: पॉलिमर ५० मिलिग्रॅम, औषध ५ मिलिग्रॅम, एकूण ५५. साखर नसलेल्या भागावरून पूर्ण बॅचचं वजन काढलं: ४० मिलिग्रॅम. त्यातले ५ मिलिग्रॅम ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून एचपीएलसीला, २२७ नॅनोमीटरवर, लावले. एका मिलिग्रॅम कणात ८० मायक्रोग्रॅम औषध निघालं.

ड्रग लोडिंग, म्हणजे कणांच्या वजनातला औषधाचा वाटा: ८ टक्के. बॅचमधलं एकूण औषध: ४० गुणिले ०.०८, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम. एन्कॅप्सुलेशन एफिशिअन्सी: ३.२ भागिले ५, म्हणजे ६४ टक्के.

आता काही जण वेगळं करतात. सैद्धांतिक लोडिंग ५ भागिले ५५, म्हणजे ९.१ टक्के, आणि ८ भागिले ९.१ करून ८८ टक्के एफिशिअन्सी लिहितात. दोन्ही व्याख्या वापरात आहेत. ६४ मध्ये धुताना वाया गेलेले कण धरलेले आहेत, ८८ मध्ये नाहीत. कुठली घेतली ते लिहा, आणि दोन बॅचची तुलना करताना व्याख्या बदलू नका.

साखरेचं वजन कणांत धरलं तर काय होतं? २०० मिलिग्रॅम साखर असेल तर केक २४० चा, आणि लोडिंग दिसतं १.३ टक्के. असा आकडा आला की मुलं पॉलिमर बदलायला निघतात. पॉलिमरचा यात काही दोष नसतो.

## टप्पा ११: रिलीज

वरचेच कण घ्या, ३ मिलिग्रॅम. त्यात औषध ०.२४ मिलिग्रॅम. डायलिसिस पिशवीत (औषध बाहेर जाऊ देणाऱ्या, कण अडवणाऱ्या पडद्याच्या) भरून ५० मिलि पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरमध्ये) सोडले. सगळं औषध बाहेर आलं तर प्रति मिलि ४.८ मायक्रोग्रॅम व्हायला हवं. पण पॅक्लिटॅक्सेल पाण्यात प्रति मिलि १ मायक्रोग्रॅमसुद्धा विरघळत नाही. आलेख वीस टक्क्यांच्याही खाली सपाट होणार, आणि आपण लिहिणार 'सस्टेन्ड रिलीज'. ती कणांची करामत नाही, बफर भरून गेला आहे.

म्हणून बफरमध्ये औषध विरघळायला मदत करणारं ट्वीन ८० घाला (०.१ ते ०.५ टक्का), त्या बफरमध्ये औषध किती विरघळतं ते आधी मोजा, आणि ते तुमच्या कमाल अपेक्षित संहतीच्या किमान तिप्पट असू द्या. ३७ अंश, ७.४ पीएच. मोकळ्या औषधाची एक पिशवी शेजारी लावा, कारण पडदा स्वतःही औषधाला अडवतो. दर वेळी जेवढं काढलं तेवढं ताजं, ३७ अंशांचं बफर परत घाला, आणि काढून नेलेलं औषध बेरजेत धरा. प्रयोग आठवड्यापेक्षा लांबणार असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड, नाहीतर बफरमध्ये जंतू वाढतात.

## टप्पा १२: पेशींवर, आणि मागे उरलेला कचरा

एमटीटीसाठी (किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजणाऱ्या चाचणीसाठी) पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळतात. अर्ज लवकर करा. चार गट हवेतच: नुसत्या पेशी, रिकामे कण, मोकळं औषध, औषधाचे कण. रिकाम्या कणांचा गट त्याच कणांच्या वजनाला लावायचा. मोकळं औषध आणि औषधाचे कण यांची तुलना मात्र औषधाच्या मात्रेला. या दोन मात्रांची गल्लत झालेले प्रबंध मी दरवर्षी परत पाठवतो. आणि २४ तासांत मोकळं औषध जास्त पेशी मारताना दिसलं तर निराश होऊ नका. कणातलं औषध अजून बाहेर यायचं असतं, ७२ तासांचा आकडाही घ्या. प्राण्यांवरचं काम संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही, उंदीर मागवायचेसुद्धा नाहीत.

कचरा त्याच दिवशी वेगळा करा. डीसीएम हॅलोजनयुक्त द्रावकांच्या काचेच्या बाटलीत, ॲसिटोनमध्ये मिसळायचा नाही, बेसिनमध्ये तर कधीच नाही. पॅक्लिटॅक्सेल लागलेल्या टिपा, ग्लोव्हज, व्हायल, सुपरनेटंट हे सगळं सायटोटॉक्सिक. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, सायटोटॉक्सिकचं चिन्ह लावून, १,२०० अंशांच्या वरच्या भट्टीत जाळायला जातं. साध्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलेली टिप दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या उघड्या हाताला लागते. पिशवीला गाठ मारून, तारीख आणि औषधाचं नाव लिहून, ती नेणाऱ्याची सही घेतल्यावरच लॅबचा दिवा बंद करा.